पहिला कप कुणी प्यायचा?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मागणीचा नियम शिकवताना फळ्यावर एक वाक्य येतंच : ‘इतर परिस्थिती कायम असताना’. किंमत वाढली की मागणी घटते, पण इतर परिस्थिती कायम असताना. या ‘इतर’मध्ये काय काय येतं हे परीक्षेला हमखास विचारतात. ग्राहकाचं उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती, लोकसंख्या, आणि यादीच्या शेपटाला कुठंतरी ‘आवडीनिवडी’. आमचे सर त्या शब्दापाशी कधी थांबायचे नाहीत. आवडी आहेत तशा धरायच्या. त्या कुठून आल्या, कुणी लावल्या, का बदलल्या, हे समाजशास्त्रवाल्यांनी बघायचं.

कोल्हापुरात राहून हे पचवणं अवघड होतं. ज्या गावात मिसळीच्या कटावरून मैत्र्या तुटतात, तिथं आवड ही गोष्ट गृहीत धरून पुढं जायचं? पण मार्कांसाठी धरली. पुढं नोकरीच्या निमित्तानं आकडेमोडीतच आयुष्य गेलं, आणि अर्थशास्त्राचं वाचन मात्र हट्टानं चालू ठेवलं. एवढ्या वाचनानंतर माझं मत असं झालंय, की बाजाराबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या यादीच्या शेपटालाच लटकलेला होता. आणि त्याचं उत्तर या गावात एकदा देऊन झालं होतं, चहाच्या कपातून.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक असते, निदान तिचा गोड भाग तरी. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी मारहाण केली. बाहेरगावी गेलेले शाहू महाराज परत आल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं की चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. भांडवल दिलं. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल उभं राहिलं.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, जागा मोक्याची होती. आणि गिऱ्हाईक नव्हतं. महाराचं हॉटेल आहे हे गावाला कळलं, तेवढं पुरे झालं. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये लिहिलं होतं, की आपल्याला रात्रीचं जेवण मिळतं ते खाटकाच्या किंवा पाववाल्याच्या दयाळूपणामुळं नव्हे, ते त्यांच्या स्वार्थामुळं मिळतं. गंगारामांकडं स्वार्थ होता, कष्ट होते, भांडवल होतं. पुस्तकात धंद्याला जे जे लागतं म्हणून लिहिलंय ते सगळं होतं. समोरून येणाऱ्यांना त्या हातचा चहा नको होता, एवढीच अडचण. बाजारानं गिऱ्हाइकाची आवड प्रामाणिकपणे नोंदवली आणि तिचं उत्तर आलं : रिकामी बाकडी.

आता शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर. त्यांनी १९५७ मध्ये भेदभावाचं अर्थशास्त्र मांडलं, पुढं १९९२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भेदभाव ही एक प्रकारची आवड समजा, आणि प्रत्येक आवडीला किंमत मोजावी लागते. एखादा कारखानदार चांगला कामगार केवळ त्याच्या वर्णामुळं नाकारत असेल तर तो नफा सोडतोय. शेजारचा, ज्याला असली खोड नाही, तो त्याच कामगाराला घेईल, स्वस्तात माल काढेल आणि पहिल्याला बाजारातून उठवेल. म्हणजे स्पर्धा जितकी जास्त, तितका भेदभाव महाग. ‘बाजार जात बघत नाही’ असं जे आपल्याकडं ठासून सांगितलं जातं, त्याचं मूळ इथं आहे.

बेकर स्वतः एवढे भोळे नव्हते. मालक भेदभाव करतो, सहकामगार करतात की गिऱ्हाईक करतं, हे त्यांनी वेगवेगळं मांडलं होतं. भेदभावाची आवड गिऱ्हाइकालाच असेल तर स्पर्धा काही करू शकत नाही, उलट जो दुकानदार त्या आवडीपुढं मान तुकवेल तोच टिकेल. हे त्यांच्याच मांडणीतून निघतं. व्याख्यानं देणारे मात्र हा भाग गाळतात. पुढं अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी याहून बोचरा आक्षेप घेतला : ज्या गोष्टीचा खुलासा करायला हा सिद्धांत निघाला, ती गोष्ट शिल्लकच राहणार नाही असं हा सिद्धांत सांगतो. आणि ती तर डोळ्यांसमोर ठाण मांडून बसलीय.

मला स्वतःला मात्र बेकर किंवा ॲरोपेक्षा जॉर्ज अकरलॉफ जवळचे वाटतात. हा माणूस साठच्या दशकात काही काळ दिल्लीत राहून गेला होता आणि १९७६ मध्ये त्यानं थेट जातीच्या अर्थकारणावर लिहिलं. त्याचा विचार करायला बसलं की अंगावर काटा येतो, कारण तो आपल्या गावगाड्याचं वर्णन गणितातून करतो. समजा एका समाजात नियम आहे की अमक्याच्या हातचं खायचं नाही. जो खाईल त्यालाही वाळीत टाकायचं. आणि वाळीत टाकलेल्याशी जो व्यवहार ठेवेल त्यालाही. आता समजा त्या गावातल्या एकाही माणसाला मनातून हा नियम पटत नाही. तरी नियम टिकेल! कारण प्रत्येक जण इतरांकडं बघतोय. एकट्यानं मोडला तर नुकसान त्याचं एकट्याचं, मुलीचं लग्न अडणार, उधारी बंद होणार. अशी व्यवस्था तोडायला नियम मोडणाऱ्यांची पुरेशी मोठी टोळी एकाच वेळी तयार व्हावी लागते, आणि टोळी जमवण्याचा खर्च करायला कुणी पुढं येत नाही.

म्हणजे भाऊसिंगजी रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाला गंगारामांच्या चहाचा विटाळ वाटत होता, असं समजायचं कारण नाही. काहींना वाटत असणारच. काहींना तल्लफही आली असेल. पण आपल्याला तिथं बसलेलं कोण बघेल, हा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात होता. बाहेरून मात्र या सगळ्यांची ‘आवड’ सारखीच दिसत होती. बाजाराला मनातलं कळत नाही. त्याला कळते ती फक्त खरेदी.

मग महाराज आपला लवाजमा घेऊन त्या रस्त्यानं आले, हॉटेलापुढं गाडी थांबवली आणि चहा मागवला. स्वतः प्यायले, सोबतच्या मंडळींनाही पाजला. बरोबर असलेल्या बड्या मंडळींना नाही म्हणायची सोय नव्हती. अकरलॉफच्या भाषेत ही तयार टोळी होती, एका गाडीत मावणारी, आणि तिला वाळीत टाकायची छाती गावात कुणाची नव्हती. त्या दिवसानंतर त्या हॉटेलात चहा प्यायलेल्या माणसाला ‘महाराज पितात’ एवढं उत्तर पुरत होतं. पुढं महाराजांनी गंगारामांना सोडावॉटरचं मशीनही दिलं. ही गोष्ट सांगताना कुणी या मशीनवर रेंगाळत नाही, पण मला ते फार आवडतं. चहा पिणं ही प्रतिष्ठेची मदत झाली. सोड्याचं मशीन म्हणजे उत्पादनाचं साधन. महाराजांना दोन्हींतला फरक चांगला कळत होता.

इथं एक शंका रास्त आहे. ही जबरदस्ती नव्हे का? राजानं पाजला म्हणून प्यायले, यात मनपरिवर्तन कुठं आलं? नसेल आलं. पण आधीचं न पिणं तरी कुठं स्वेच्छेचं होतं? एका दडपणावर दुसरं दडपण आलं, आणि दुसऱ्यात निदान माणसाला बाकड्यावर बसायची मुभा होती. वेदोक्त प्रकरणात खुद्द शाहू छत्रपतींना शूद्र ठरवून पुराणोक्त मंत्रांवर भागवायला सांगणारं हे गाव. रूढीचा दाब केवढा असतो हे त्या माणसाला ऐकून माहीत नव्हतं, त्यानं तो सोसला होता.

राज्याधिकार हाती आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली हेही या संदर्भात आठवतं. मिरजेहून रेल्वे १८९१ लाच आली होती. स्टेशनलगत जागा देऊन, सवलती देऊन व्यापाऱ्यांना बोलावलं, गुळाचा व्यापार तिथं रुजवला. बाजार गवतासारखा आपोआप उगवतो असं सांगणाऱ्यांनी शाहूपुरीतून एक फेरी मारावी. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक कार्ल पोलान्यी यांनी १९४४ मध्ये मांडलेला मुद्दा, की मुक्त बाजारही कुणीतरी ठरवून, राज्यसत्तेच्या बळावर उभा करावा लागतो, आमच्याकडं पेठेच्या नावातच कोरलेला आहे.

गुळाचं निघालंच आहे तर सांगतो. माझे वडील एका अडत दुकानात दिवाणजी होते. हंगामात, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की घरात आबा फक्त झोपायला यायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर यार्डात जायचो. हमालांनी रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लावलेल्या, प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका थप्पीवरून दुसरीकडं सरकत जाणारा. रवा फोडून कण बघायचे, टणकपणा बघायचे, पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त रंग. पिवळाधमक, केशरी झाक असलेला गूळ वरच्या भावात. तांबूस, काळपट गूळ खाली. गुजरात हे आमच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाला रंग लागतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला निसर्गनियमासारखं वाटायचं.

आता रंग येतो कसा? चांगली जमीन, योग्य जातीचा ऊस, रसात रानभेंडीचा चिकट रस घालून नीट काढलेली मळी, आणि काहिलीशेजारी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईशेजारी, उभा असलेला अनुभवी गुळव्या, ज्याला पाक नेमका कधी उतरवायचा हे उकळीवरून कळतं. एवढं सगळं जुळलं तर गूळ आपसूक देखणा होतो. नाही जुळलं तर हायड्रोस आहे. ही पांढरी पावडर, सोडियम हायड्रोसल्फाइट, मूठभर टाकली की रस उजळतो. तो उजाळा टिकाऊ नसतो, साठवणीत रंग उतरत जातो, पण सौद्याच्या दिवशी गूळ सोन्यासारखा दिसतो. कुणी साखरही मिसळतं. शेतकऱ्याला विचारा, तो स्वतःच्या घरासाठी बिनहायड्रोसचा वेगळा रवा काढून ठेवतो. काळा गूळ घरी, पिवळा बाजारात. फसवायची कुणाला हौस नसते, पण क्विंटलमागं भावाचा फरक दिसला की कर्जवाला माणूस दुसरं काय करणार?

अकरलॉफचं नाव जगभर झालं ते जुन्या मोटारींच्या बाजारावरच्या १९७० च्या लेखानं, २००१ चं नोबेलही त्याच धाग्यावरचं. विकणाऱ्याला माल माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, चांगला मालवाला वैतागून निघून जातो आणि बाजारात खराब माल उरतो. गुळाला हे अर्धवट लागू पडतं. इथं घेणारा आंधळा नाही, तो डोळे उघडे ठेवून चुकीच्या गोष्टीकडं बघतोय. त्याला हवं ते दिसतंय आणि त्याला जे दिसतंय तेच तो मागतोय. माहिती दिली की प्रश्न सुटेल असं पुस्तक सांगतं. माहिती तर गावातल्या पोराटोरांनाही होती. आवड हलत नव्हती.

गंमत अशी की आता ती हलली, तीही वरून खाली. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘सेंद्रिय’, ‘केमिकलविरहित’ असं लिहिलेल्या पुड्यांमधून तोच काळपट गूळ, जो आबांच्या वहीत तळाला असायचा, दुप्पट भावानं विकला जातो. डॉक्टर सांगतात, इन्स्टाग्रामवाले सांगतात, आणि पैसेवालं गिऱ्हाईक काळ्या गुळाचा चहा पितं. गुळव्याची कला तीच, ऊस तोच. कुणीतरी आधी पिऊन दाखवलं एवढाच फरक. आबा असते तर त्यांनी या पुडीचा भाव बघून कपाळावर हात मारला असता आणि मग हळूच विचारलं असतं, शेतकऱ्याला यातलं किती जातं?

हा प्रश्न चपलेलाही विचारायला हवा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात अंगठ्याची, पट्ट्याची, अगदी आपली वाटणारी चप्पल दिसली. कुठंही कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाली, कंपनीनं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं, पुढच्या महिन्यात त्यांचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेले. वर्षाच्या अखेरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची बातमी आली : २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला देत नाही. ‘कोल्हापुरी’ न म्हणता तशीच चप्पल कुणीही विकावी, कायदा आडवा येत नाही.

आम्ही सगळे तेव्हा अभिमानानं पेटलो होतो. मीही. पण शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये हीच चप्पल घेताना ‘जरा कमी करा की’ म्हणणारेही आम्हीच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात आठवडेच्या आठवडे कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेला तळ, हातानं विणलेली वेणी, आणि एवढ्यावर आमची घासाघीस. मिलाननं पायात घातली आणि आम्हाला ती एकदम कला वाटायला लागली. जिनं ती शतकानुशतकं बनवली त्या जातीच्या आळीत आमचे आजोबा पाणी पीत नव्हते. चप्पल चालत होती, हात चालत नव्हते. किमतीत ही गोष्ट कुठंतरी मुरलेली होती. कातड्याच्या कामाला कमी भाव मिळत आला तो केवळ पुरवठा जास्त होता म्हणून नव्हे. ज्यांना दुसरं काम करायची मोकळीकच नव्हती, त्यांचा पुरवठा जास्त असणारच.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात हे नेमकं पकडलंय : जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्यात काम अठरा टप्प्यांत वाटलेलं होतं, पण टोक घासणाऱ्याचा मुलगा टोकच घासेल असं कुठं लिहिलं नव्हतं. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकलेला माणूस हे लिहीत होता, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. १९२० च्या मार्चमध्ये कागलजवळच्या माणगावला परिषद झाली तेव्हा तरुण आंबेडकरांना पुढं करणारे शाहू महाराज तिथं हजर होते. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१८ मध्ये, त्यांनी संस्थानातली महार वतनं रद्द केली होती. माणसाला पिढीजात वेठीला बांधणारा दोर कापल्याशिवाय कामाचा बाजार वगैरे बोलण्यात अर्थ नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

‘ते जुनं झालं’ असं कुणी म्हणालं तर मी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ चा अभ्यास सांगतो. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्या कंपन्याही नफ्यासाठीच चालत होत्या. बेकरप्रमाणं त्यांना हा तोटा टोचायला हवा होता.

त्या मानानं महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा मला अर्थशास्त्रीयदृष्ट्या शहाणा वाटतो. तो कुणाची आवड बदलायला जात नाही. वेगळं वागणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या जात पंचायतीला तो शिक्षा करतो. अकरलॉफच्या साखळीत नेमकी हीच कडी तोडायची असते. कागदावर तरी बरोबर जागी घाव आहे.

पण जिथं पंचायत भरत नाही, ठराव होत नाही, कुणी काही लिहून ठेवत नाही, तिथं काय करायचं? माझा एक वर्गमित्र जागांची दलाली करतो. परवा सांगत होता, एका फ्लॅटसाठी सरकारी दवाखान्यातली नर्स आली होती, पगार पक्का, अनामत रोख द्यायला तयार. मालकाला आडनाव कळलं आणि त्यानं ‘विचारून सांगतो’ म्हटलं.

‘मालक तसा चांगलाय रे,’ मित्र म्हणाला. ‘त्याचं काही नाही. पण सोसायटीतली माणसं बोलतील म्हणतोय.’

‘आणि तू?’

‘माझं काय असतंय? मी दोघांनाही चहा पाजलो असतो.’

‘मग सोसायटीत बोलणारी माणसं नेमकी किती आहेत, विचारलंस कधी? का सगळेच दुसऱ्याचं नाव सांगत बसलेत?’

‘खुळा हायस काय लेका! मीटिंगमध्ये असलं कोण विचारतंय?’

त्या जागेला अजून भाडेकरू मिळालेला नाही. दर महिन्याचा मेंटेनन्स मालक खिशातून भरतोय, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नाही म्हणे.